पराभवाचा हिशेब मांडणारा सेनापती : विल्यम स्लिम आणि ब्रह्मदेशची मोहीम

१० मे १९४२. ब्रह्मदेशातील चिंदविन नदीच्या पूर्वकाठी श्वेजिन नावाचे ठिकाण. सभोवती उंच कडे, समोर नदी आणि मधल्या खळग्यात अडकलेली एक थकलेली फौज. पलीकडे नेण्यासाठी नावा मोजक्याच. पहाटेच जपान्यांनी कड्यांवरून गोळीबार सुरू केला. दिवसभर झुंज चालली. संध्याकाळी तोफखान्याने उरलासुरला दारूगोळा एकाच सरबत्तीत संपवला, तोफा, मोटारगाड्या आणि जवळजवळ सर्व रणगाडे तिथेच टाकले, आणि ती फौज नदीकाठच्या पाऊलवाटेने अंधारात पायी निघाली.

या फौजेचा सेनापती होता लेफ्टनंट जनरल विल्यम जोसेफ स्लिम. हाती सूत्रे आल्याला त्याला दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्या काळात माघारीवाचून दुसरे काही त्याच्या वाट्याला आले नव्हते. ब्रिटिश लष्कराच्या इतिहासातील ही सर्वांत लांब माघार, सुमारे १,४०० किलोमीटरची. तीन वर्षांनी याच माणसाने याच ब्रह्मदेशात जपानी सैन्याचा जमिनीवरील सर्वांत मोठ्या पराभवांपैकी एक घडवून आणला. त्याच्या हाताखालचे सैनिक बहुसंख्येने भारतीय होते. या दोन घटनांच्या मधल्या काळात काय घडले, ते पाहण्यासारखे आहे.

स्लिम हा उमरावघराण्यातला नव्हे. जन्म ६ ऑगस्ट १८९१, ब्रिस्टलजवळचा, किशोरवयापासून बर्मिंगहॅममध्ये. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार बुडाला, म्हणून पोराने काही काळ गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तरकी केली, मग लोखंडी नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी. त्या काळी अधिकारी व्हायचे तर घरचा पैसा लागे, आणि तो त्याच्याकडे नव्हता. पहिले महायुद्ध आले नसते तर तो बहुधा नळ्यांचेच हिशेब लिहीत राहिला असता. १९१४ साली त्याला तात्पुरती कमिशन मिळाली. गॅलिपोलीत तो गंभीर जखमी झाला आणि तिथेच त्याने प्रथम गुरखा पलटण लढताना पाहिली. पुढे मेसोपोटेमियात पुन्हा जखमी, पुन्हा रणांगणावर, मिलिटरी क्रॉस. युद्ध संपल्यावर तो भारतीय सैन्यात आला आणि ६व्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनमध्ये रुजू झाला. गुरखाली आणि उर्दू तो चांगली बोलू लागला. पगारात संसाराचे भागेना म्हणून ‘अँथनी मिल्स’ या टोपणनावाने मासिकांसाठी कथाही लिहू लागला. त्याच्या पुढच्या ग्रंथाची सरळ, खुसखुशीत शैली या कथालेखनातून आली असावी.

दुसऱ्या महायुद्धातली त्याची पहिली लढाई फसली. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदानच्या सीमेवर गलाबत येथे त्याच्या ब्रिगेडने इटालियनांवर हल्ला चढवला. किल्ला हाती आला, पण रणगाडे खडकांत आणि सुरुंगांत निकामी झाले, आकाशात इटालियन विमानांचे वर्चस्व राहिले आणि एक ब्रिटिश पलटण घाबरून मागे पळाली. पुन्हा हल्ला करावा की माघार घ्यावी, असे दोन मार्ग समोर होते. स्लिमने माघार निवडली. इटालियनही तेव्हा हातपाय गाळण्याच्या बेतात होते, हे नंतर उघड झाले. कमी धाडसाचा मार्ग आपण निवडला आणि तो चुकला, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले. सेनापतींच्या आत्मचरित्रांत असे वाक्य सहसा सापडत नाही. तिथे चुका नेहमी दुसऱ्याच्या असतात.

मार्च १९४२ मध्ये त्याला ब्रह्मदेशात बोलावून ‘बर्मा कोअर’ देण्यात आली, तेव्हा खेळ जवळपास संपला होता. फेब्रुवारीत सितांग नदीवरचा पूल घाईने उडवला गेला होता आणि १७व्या भारतीय डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडेच अडकला होता. ८ मार्चला रंगून पडले. रंगून हेच एकमेव मोठे बंदर. ते गेल्यावर रसदीचा मार्गच खुंटला. एकच गोष्ट जमेची होती : स्लिमच्या दोन्ही डिव्हिजनांचे प्रमुख, कोवान आणि ब्रूस स्कॉट, हे त्याच्याच गुरखा बटालियनमधले जुने सोबती होते. तिघांना एकमेकांचा स्वभाव पुरता ठाऊक होता.

जपानी युद्धतंत्र साधे होते. ब्रिटिश-भारतीय फौज मोटारगाड्यांवर चाले, म्हणून रस्त्याला बांधलेली. जपानी तुकडी हलक्या सामानानिशी जंगलातून वळसा घेई, मागे रस्त्यावर अडथळा उभारी आणि पुढची फौज कोंडली जाई. कोंडलेल्या फौजेला रसद तुटल्याची धास्ती बसे; ती मागे फिरे, अडथळा फोडण्यात माणसे गमावी, आणि टाकलेल्या रसदीवर जपानी पुढची मजल मारत. येनानजाऊंग येथे तर १५ एप्रिलला तेलाच्या विहिरी आणि कारखाने स्वतःच पेटवून द्यावे लागले. तिथे वेढलेल्या डिव्हिजनच्या मदतीला सुन लिजेन या चिनी सेनानीची ३८वी डिव्हिजन धावून आली.

या माघारीच्या कडेने आणखी एक लोंढा चालला होता, त्याचा उल्लेख युद्धकथांत फार थोडा येतो. ब्रह्मदेशात पोटापाण्यासाठी गेलेले लाखो भारतीय मजूर, कारकून, दुकानदार बायकापोरांसह डोंगर तुडवत भारताकडे निघाले होते. पटकी, हिवताप आणि उपासमार यांनी त्यांतली हजारो माणसे वाटेतच गेली.

श्वेजिननंतर लगेच पावसाळा कोसळला. इंफाळच्या वाटेवर स्लिम कडेला उभा राहून आपल्या पिछाडीच्या तुकड्या पाहत होता. माणसे हाडांचे सापळे झाली होती, अंगावर चिंध्या होत्या. पण बंदुका हातात होत्या आणि तुकड्या अजून तुकड्याच होत्या, जमाव झालेल्या नव्हत्या. इंफाळला त्यांचे स्वागत मात्र थंडच झाले. भर पावसात, तंबूंवाचून, डोंगरउतारावर त्यांना राहावे लागले. तिथला कोअर-प्रमुख अर्विन हा गलाबतला पळालेल्या पलटणीच्याच रेजिमेंटचा अधिकारी. त्या पलटणीच्या प्रमुखाला स्लिमने काढून टाकले होते, आणि ते अर्विन विसरला नव्हता. स्लिमने उद्धटपणाबद्दल तक्रार केली तेव्हा, आपण वरिष्ठ असल्यामुळे उद्धट असूच शकत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले, असे सांगतात.

मग रांची. तिथे १५व्या कोअरचे प्रशिक्षण करताना स्लिमने १९४२च्या पराभवाचा एकेक कलम हिशेब मांडला. आपण का हरलो? जंगलाला घाबरलो म्हणून. तर मग कारकून, स्वयंपाकी, सिग्नलवाले, सगळ्यांनीच जंगलात राहायला, गस्त घालायला शिकावे. रस्त्याला बांधलो गेलो म्हणून. तर मोटारगाड्या कमी, खेचरे जास्त. शत्रू अजिंक्य वाटला म्हणून. तर आधी लहान, निवडक गस्ती तुकड्यांनी छोटे विजय मिळवावेत, मग एका जपानी कंपनीवर संपूर्ण ब्रिगेड सोडावी. हे मर्दुमकीचे नाही, असे कोणी म्हणेलही; पण त्या घडीला फौजेला मर्दुमकीपेक्षा विजयाची गरज होती.

या सुधारणांचे सारे श्रेय एकट्या स्लिमला देणे मात्र अन्यायाचे ठरेल. जून १९४३ पासून भारताचा सरसेनापती असलेल्या ऑकिनलेकने प्रशिक्षण आणि पुरवठ्याची जी घडी बसवली, तिच्यावाचून पुढचे काहीच शक्य नव्हते. स्लिमनेही ते मान्य केले आहे.

ऑक्टोबर १९४३ मध्ये चौदावी आर्मी अस्तित्वात आली आणि स्लिम तिचा प्रमुख झाला. भारतीय, गुरखा, ब्रिटिश, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी अशी अठरापगड फौज. युरोपची आघाडी आधी, मग इतर सगळे, आणि शेवटी उरले तर ब्रह्मदेश, असा पुरवठ्याचा क्रम. तेव्हा जखमी होऊन मागे येणाऱ्या एका सैनिकामागे आजारी होऊन येणारे सुमारे १२० असत. वर्षभरात हिवतापाचे रुग्ण फौजेच्या एकूण संख्येच्या ८४ टक्के. जपान्यांनी एक गोळी झाडली नसती तरी ही फौज काही महिन्यांत संपली असती.

उपाय वैद्यकशास्त्राकडे होता : मेपाक्रीनची गोळी. पण तिने कातडी पिवळी पडे, आणि पुरुषत्व जाते अशी अफवाही होती. सैनिक ती गुपचूप थुंकून टाकत. स्लिमने अचानक तपासणी सुरू केली. पलटणीतल्या ९५ टक्क्यांहून कमी लोकांच्या तपासणीत औषध आढळले तर प्रमुखाची गच्छंती. तीन अधिकारी गेले; चौथ्याची पाळी येईपर्यंत बाकीचे समजून चुकले होते. शिवाय रुग्णांना शेकडो मैल मागे भारतात पाठवण्याऐवजी आघाडीच्या मागेच तात्पुरत्या इस्पितळांत बरे करून आठवड्यांत परत उभे करण्याची सोय झाली. युद्धाच्या चित्रपटांत ही गोळी कधी दिसत नाही, पण ब्रह्मदेशच्या मोहिमेत तिचा वाटा कोणत्याही तोफेपेक्षा कमी नव्हता.

दुसरा प्रश्न विमानातून रसद टाकण्याचा. त्यासाठी रेशमी वा तत्सम पॅराशूट हवीत, ती मिळेनात. बंगाल म्हणजे तागाचे माहेरघर. स्लिम आणि त्याचा पुरवठाप्रमुख स्नेलिंग यांनी कलकत्त्याच्या ताग गिरणीवाल्यांना गाठले आणि तागाची पॅराशूट बनवून घेतली. खर्च नगाला एका पौंडाच्या आसपास, तर नेहमीच्या पॅराशूटला वीसहून अधिक. माणसाला त्यातून उतरवणे धोक्याचे. पण तांदूळ, दारूगोळा, पेट्रोल यांना ते पुरेसे होते. डांबरात भिजवलेला तागाचा कपडा अंथरून रस्ते आणि धावपट्ट्याही केल्या गेल्या. पुढच्या तुकड्यांना अर्धे रेशन मिळू लागले की स्लिमच्या मुख्यालयातही अर्धेच रेशन शिजे. कचेरीतल्या अधिकाऱ्यांना त्यामुळे रसदीची तातडी चटकन समजत असावी!

पण ज्या बंगालच्या तागावर ही फौज तरंगत होती, त्या बंगालमध्ये १९४३ साली माणसे रस्त्यावर मरून पडत होती. दुष्काळाचे बळी सुमारे तीस लाख मानले जातात. जपानी येतील या भीतीने १९४२ मध्ये सरकारने किनारी भागातल्या हजारो नावा काढून घेतल्या किंवा मोडल्या होत्या आणि तांदळाचे साठे हलवले होते. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता. आणि युद्धखर्चाने महागाई भडकली होती. ते निर्णय स्लिमचे नव्हते. तरीही चौदाव्या आर्मीचे मुख्यालय याच मुलखात कोमिल्ला येथे होते, आणि तिच्या विजयाची कथा सांगताना ही बाजू वगळली तर हिशेब अपुरा राहतो.

फेब्रुवारी १९४४. अराकानात जपान्यांनी जुनाच डाव टाकला : वळसा, मागून हल्ला, कोंडी. ७व्या भारतीय डिव्हिजनचे मुख्यालय उधळले गेले. तिचा प्रमुख मेसर्व्ही कसाबसा निसटला. जपान्यांनी एका इस्पितळात घुसून रुग्ण आणि डॉक्टरांची कत्तल केली. पण या वेळी फौज मागे हटली नाही. सिंझवेयाच्या खळग्यात कारकून आणि खेचरवाल्यांनीही बंदुका धरल्या आणि आकाशातून रसद पडत राहिली. जपान्यांनी थोड्याच दिवसांची शिदोरी आणली होती. शत्रूच्या कोठारांवर पुढे जगायचे, हा १९४२चा अनुभव. कोठारे हाती आली नाहीत, आणि वेढा घालणारेच उपाशी पडले. तीन आठवड्यांत सारा डाव उलटला.

लगेच मार्चमध्ये मुख्य आघात आला. जनरल मुतागुची तीन डिव्हिजनांनिशी चिंदविन ओलांडून इंफाळ आणि कोहिमाकडे निघाला, सोबत सुमारे तीन आठवड्यांची शिदोरी घेऊन. स्लिमचा बेत असा : पुढच्या डिव्हिजनांनी इंफाळच्या पठारावर मागे यावे, म्हणजे लढाई आपल्या विमानतळांजवळ होईल, आणि शत्रूच्या पाठीशी नदी, डोंगर व येणारा पावसाळा असेल. बेत उत्तम होता, पण अंमलात दोन चुका झाल्या. माघारीचा क्षण ठरवण्याचे काम त्याने कोअर-प्रमुखावर सोपवले, हुकूम उशिरा निघाला आणि १७व्या डिव्हिजनला शत्रूचे अडथळे फोडत यावे लागले. दुसरी चूक अधिक गंभीर. कोहिमाच्या बिकट डोंगरांतून फार तर एक जपानी रेजिमेंट येईल, असा त्याचा अंदाज होता. आली सातोची संपूर्ण ३१वी डिव्हिजन.

येथे नशिबापेक्षा काही पलटणींनी त्याला वाचवले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. २१ ते २६ मार्च या दिवसांत सांगशाक या नागा गावी ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने जपान्यांना रोखून धरले. तिच्यासोबत ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. ना काटेरी तार, ना पुरेसे पाणी. खडकाळ टेकडीवर खंदकही धड खणता येईना, आणि विमानातून टाकलेली बरीचशी रसद शत्रूच्याच हाती पडे. तो टेकडीमाथा अखेर सोडावा लागला, पण त्या सहा दिवसांत इंफाळ आणि कोहिमाच्या संरक्षणाची थोडीफार तयारी झाली. याच सुमारास अराकानातली ५वी भारतीय डिव्हिजन तोफा-खेचरांसह विमानाने उचलून थेट इंफाळच्या बाजूला आणली गेली. त्यासाठी माउंटबॅटनने चीनकडे रसद नेणारी विमाने वॉशिंग्टनच्या परवानगीची वाट न पाहता वळवली.

कोहिमात एप्रिलच्या आरंभी अडीच हजारांच्या आसपास माणसे कोंडली गेली आणि त्यांतले कित्येक लढाऊ नव्हतेच. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातले टेनिस कोर्ट हीच दोन फौजांमधली सीमा झाली. अवघ्या ७५ किलोमीटरवर दिमापूरचे रेल्वेस्थानक होते, साऱ्या आघाडीची रसद जिथे उतरे ते. आणि ते जवळपास उघडे होते. सातोने कोहिमा ओलांडून तिकडे धाव घेतली असती तर? पण त्याला हुकूम कोहिमाचा होता, आणि तो कोहिमाशीच झगडत बसला. सातोसारखा उपयोगी सेनापती समोर असताना त्याच्या मुख्यालयावर बाँब टाकू नका, असे आपण हवाईदलाला सांगितले, अशी थट्टा स्लिमने नंतर केली आहे. २२ जूनला इंफाळचा रस्ता मोकळा झाला. मुतागुचीच्या सुमारे ८५ हजारांपैकी निम्म्याहून अधिक माणसे मृत किंवा जायबंदी झाली, आणि त्यांत भूक व रोगराईचे बळी फार मोठे.

याच रणांगणावर समोर आझाद हिंद सेनाही होती. १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांग येथे शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला. त्या सेनेचे एक सर्वोच्च अधिकारी जगन्नाथराव भोसले हे मूळचे सावंतवाडी भागातले. म्हणजे एका बाजूला सांगशाकचे मराठे, दुसऱ्या बाजूला भोसले. स्लिमने आझाद हिंद सेनेबद्दल लिहिले आहे ते त्रोटक आणि तुच्छतेने. ही त्याच्या ग्रंथाची सर्वांत कमकुवत पाने. शरण येणाऱ्या या सैनिकांना आपले भारतीय शिपाई सहजी शरण येऊ देत नसत, त्यांना नीट वागवा असा हुकूम काढावा लागला, हे तो नोंदवतो. त्या माणसांनी तो मार्ग का धरला, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. पुढे १९४५च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यातल्या खटल्याने तो प्रश्न साऱ्या देशापुढे आणला.

डिसेंबर १९४४ मध्ये चौदाव्या आर्मीने चिंदविनवर कालेवा येथे साडेतीनशे मीटरचा बेली पूल बांधला. त्या काळी असा इतका लांब पूल दुसरा नव्हता, आणि श्वेजिनचा तो खळगा तिथून हाकेच्या अंतरावर.

पुढचा डाव स्लिमचा सर्वोत्तम. इरावतीच्या अलीकडच्या मैदानात जपान्यांना गाठावे, असा त्याचा मूळ बेत. नवा जपानी सेनापती किमुरा हुशार निघाला. तो नदीपलीकडे सरकला. स्लिमने काही दिवसांत सारा बेत बदलला. ३३व्या कोअरने मंडालेच्या बाजूला गाजावाजा करत नदी ओलांडायची, आणि ४थ्या कोअरने गुपचूप शेकडो किलोमीटर दक्षिणेला वळसा घेऊन मेक्टिला गाठायचे. किमुराची कोठारे, विमानतळ आणि रेल्वे तिथेच होती. ४थी कोअर उत्तरेतच आहे असे भासवण्यासाठी एक नकली मुख्यालय खोटे बिनतारी संदेश पाठवत राहिले. १४ फेब्रुवारी १९४५ला न्याऊंगू येथे नदी ओलांडली गेली. पैलतीरावर गुरबक्षसिंग धिल्लन यांची आझाद हिंद सेनेची तुकडी होती. ३ मार्चला मेक्टिला पडले, २० मार्चला मंडाले. आता वळसा घेऊन मागचा रस्ता तोडणारे १९४२चे हरलेले लोक होते.

मग रंगूनची शर्यत, पावसाळ्याशी. रणगाडे दिवसाला कित्येक मैल तोडत पेगूपर्यंत पोहोचले आणि मेच्या आरंभी पाऊस आधीच कोसळला. १७वी डिव्हिजन चिखलात अडकली. जपानी आधीच शहर सोडून गेले होते. ३ मेला रंगूनमध्ये शिरली ती समुद्रमार्गे आलेली २६वी भारतीय डिव्हिजन. १९४२च्या माघारीतली १७वी डिव्हिजन, जिला हा मान मिळावा असे सर्वांना वाटे, ती काही मैलांवर थांबून राहिली. त्याच महिन्यात आउंग सान स्लिमला भेटायला आला. तुम्ही आमच्याकडे आलात ते आम्ही जिंकतो आहोत म्हणूनच, असे स्लिमने त्याला टोचले. हरत असता तर येऊन काय उपयोग होता, या आशयाचे उत्तर मिळाले. स्लिमला तो माणूस आवडला.

विजयाच्या त्याच आठवड्यात वरिष्ठ सेनापती लीसने स्लिमला चौदाव्या आर्मीवरून दूर करण्याचे ठरवले. स्लिमने आरडाओरडा केला नाही. दुय्यम जागा नाकारली आणि निवृत्तीची तयारी दाखवली. बातमी फुटली तशी फौजेत इतकी खळबळ माजली की शेवटी लीसचीच उचलबांगडी झाली आणि त्याच्या जागी स्लिम आला. सप्टेंबरमध्ये शरणागतीच्या वेळी जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी सैन्यासमक्ष स्वतः सुपूर्द कराव्यात, असा आग्रह त्याने धरला. किमुराची तलवार त्याच्या घरात शेकोटीवरच्या फळीवर गेली.

१९४८ मध्ये स्लिम लष्कर सोडून ब्रिटिश रेल्वेच्या कारभारात गेला होता. पंतप्रधान ॲटलीने त्याला परत बोलावून ब्रिटिश लष्कराचे सर्वोच्च पद दिले. भारतीय सैन्यातून आलेला अधिकारी त्या पदावर प्रथमच बसत होता. मावळत्या माँटगोमेरीला ते मान्य नव्हते. आपण ही जागा दुसऱ्याला देऊ केली आहे आणि तसे त्याला सांगूनही टाकले आहे, असे तो म्हणाला. सांगितलेले परत घ्या, असे ॲटलीने त्याला सुनावले, अशी कथा आहे. पुढे स्लिम ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल झाला आणि १९५६ मध्ये ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोहिमाचा चुकलेला अंदाज, इंफाळची उशिरा झालेली माघार, दोन्ही त्यात त्याच्याच सहीनिशी नोंदलेले आहेत.

१४ डिसेंबर १९७० रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. त्याचा पुतळा व्हाइटहॉलमध्ये उभा राहायला १९९० साल उजाडले. अंगावर दरबारी पोशाख नाही, जंगलातले कपडे आणि डोक्यावर रुंद काठाची हॅट आहे. त्याच रांगेत, थोड्या अंतरावर, माँटगोमेरी उभा आहे.